मद्यत्यागाचे पहिले चार दिवस

श्रावण लागला, की महाराष्ट्रातील असंख्य घरांत एक अबोल समाधान पसरते. आदल्या अमावास्येची यथेच्छ 'गटारी' उरकून जो गृहस्थ दुसऱ्या दिवसापासून महिनाभर पेल्याला शिवत नाही, त्याच्या निग्रहाचे शेजारीपाजारी कौतुक करतात. कोणी वारीला जाऊन तुळशीची माळ घालतो आणि दारू सोडतो, कोणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो, तर कोणाला सासुरवाडीच्या चार वडीलधाऱ्यांनी समोर बसवून निर्वाणीचे सुनावलेले असते. हे सर्व संकल्प आदरणीय आहेत, आणि त्यांनी कित्येक बुडते संसार तारले आहेत, हे नाकारण्याचा कृतघ्नपणा कोणी करू नये. परंतु ज्याच्या शरीरात वर्षानुवर्षे, दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत, मद्य मुरलेले आहे, त्याने हाच संकल्प एका रात्रीत अमलात आणला, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते त्याच्या प्राणांवर बेतू शकते. आणि ही गोष्ट वैद्यकाच्या ग्रंथांत कित्येक दशके नमूद असूनही आपल्या कौटुंबिक व्यवहारात, धर्माचरणात आणि सरकारी धोरणात तिला अद्याप जागा मिळालेली नाही. मद्य सोडणे ही केवळ नीतीची परीक्षा मानणाऱ्या समाजाने, ती प्रथमतः एक शारीरिक घटना आहे आणि तिच्या पहिल्या चार दिवसांची जबाबदारी दवाखान्याची आहे, एवढे मान्य करावे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

या चार दिवसांचा क्रम बराचसा ठरलेला असतो. शेवटचा पेला घेतल्यावर सहा ते चोवीस तासांच्या आत हातांना कंप सुटतो, घाम फुटतो, छाती धडधडते, मळमळते, अन्न नकोसे होते आणि झोप उडते. बहुसंख्य लोकांचा त्रास एवढ्यावरच थांबतो आणि चार-पाच दिवसांत ओसरतो. काहींना मात्र पहिल्या दोन दिवसांतच, पूर्वी कधी नसलेली आकडी येते. काहींना पूर्ण शुद्धीत असताना कोणी नाव घेऊन हाका मारल्याचे ऐकू येते, भिंतीवरून किडे चाललेले दिसतात. आणि दोन दिवस उलटल्यानंतर, नातेवाइकांना आता धोका टळला असे वाटू लागलेले असताना, थोड्यांच्या वाट्याला ती अवस्था येते जिला वैद्यकीय परिभाषेत कंपोन्माद म्हणतात: रोग्याला स्थळकाळाचे भान राहत नाही, तो रुग्णालयाच्या खाटेवर बसून आपल्या दुकानातील गिऱ्हाइकांशी बोलतो, अंगावरचे कपडे ओढतो, उठून पळू पाहतो, ज्वर चढतो, नाडी बेफाम धावते आणि रक्तदाब वर-खाली होतो. या त्रासासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी साधारणतः शंभरांत तीन ते पाच जणांना ही अवस्था गाठते. एकेकाळी योग्य उपचारांअभावी अशा शंभर रोग्यांपैकी पंधरा ते वीस दगावत. वेळेवर इलाज झाला, तर आज हे प्रमाण शंभरांत एक ते पाचपर्यंत खाली येते. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, ते रोग्याच्या इच्छाशक्तीने पडलेले नाही. औषधाने आणि शुश्रूषेने पडलेले आहे.

असे का व्हावे, याचे उत्तर मेंदूच्या व्यवहारात आहे. आपल्या मेंदूत उत्तेजन देणारी आणि उत्तेजनाला आवर घालणारी अशी दोन प्रकारची रासायनिक द्रव्ये अखंड कार्य करीत असतात, ग्लुटामेट हे पहिल्या पक्षाचे आणि गाबा हे दुसऱ्या पक्षाचे. मद्य आवर घालणाऱ्या पक्षाला बळ देते आणि उत्तेजन देणाऱ्याला दाबून ठेवते; म्हणूनच प्रथम पिणाऱ्याला सैल, निर्धास्त वाटते. पण हा दाब रोजचाच झाला, की मेंदू आपला तोल राखण्यासाठी उलट दिशेने जोर लावू लागतो. आवर घालणाऱ्या यंत्रणेची संवेदनक्षमता तो घटवतो आणि उत्तेजनाची वाढवतो. विहिरीतून भरलेली घागर सर्व शक्तीनिशी ओढणाऱ्या माणसाचा दोर अकस्मात तुटावा आणि तो स्वतःच्याच जोराने मागे कोलमडावा, तशी मद्य एकाएकी बंद झाल्यावर मेंदूची स्थिती होते; ओझे नाहीसे झालेले असते, परंतु ओढ कायम असते. ती ओढ शिथिल व्हायला काही दिवस जावे लागतात, आणि ते दिवस निभावून नेणे, एवढाच या उपचाराचा हेतू.

हे ज्ञान सहजी हाती आलेले नाही. इंग्लंडातील टॉमस सटन या वैद्याने १८१३ मध्ये कंपोन्मादाचे स्वतंत्र वर्णन केले, त्याला आज रूढ असलेले लॅटिन नाव दिले, आणि रोग्याचे रक्त काढण्याच्या तत्कालीन प्रघाताऐवजी त्याला अफूने शांत करावे असा आग्रह धरला. तथापि हा त्रास अतिमद्यपानाचा, उपासमारीचा, की मद्य तुटल्याचा, हा वाद पुढे शतकाहून अधिक काळ चालू राहिला. तो मिटवला १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील केंटकी प्रांतात लेक्सिंग्टन येथे हॅरिस इझबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाने. शिक्षा भोगत असलेल्या दहा जणांना त्यांनी उत्तम आहार आणि जीवनसत्त्वे देऊन कित्येक दिवस मद्य पाजले आणि मग ते एकदम बंद केले. जे दीर्घकाळ प्याले होते, त्यांच्यापैकी काहींना आकडी आली आणि काहींना भ्रम झाला, आणि हे सर्व पोट भरलेले असताना घडले. बंदिवानांवरचा असा प्रयोग आजच्या विवेकबुद्धीला मानवणार नाही, हे खरे. परंतु त्यातून निघालेल्या निष्कर्षाकडे डोळेझाक करणे, हे त्या दहा जणांवर दुसऱ्यांदा अन्याय करण्यासारखे आहे.

या निष्कर्षाचा नैतिक अर्थ आपण समजून घेतला पाहिजे. ज्याने सकाळी शपथ घेतली आणि संध्याकाळी ती मोडली, त्याला आपण लबाड, निर्लज्ज, बायकामुलांची पर्वा नसलेला ठरवून मोकळे होतो. पण त्या संध्याकाळी त्याच्या हातात चहाची कपबशीदेखील ठरत नव्हती, आणि तो कंप जगातील एकाच वस्तूने पाच मिनिटांत थांबतो हे त्याला अनुभवाने ठाऊक होते, ही कैफियत आपण विचारातच घेत नाही. याहूनही गंभीर बाब अशी, की सोडणे आणि पुन्हा धरणे यांची आवर्तने जितकी अधिक होतात, तितका पुढच्या खेपेचा त्रास तीव्र होत जातो. पहिल्या वेळी नुसता कंप झालेल्याला पाचव्या-सहाव्या वेळी आकडी येऊ शकते. म्हणजे दरवर्षी श्रावण पाळणारा आणि गणपती उठताच पूर्ववत होणारा जबर व्यसनी हा आपल्या समजुतीप्रमाणे थोडाथोडा सुधारत नसून, प्रत्येक खेपेला स्वतःला अधिक मोठ्या धोक्यात लोटत असण्याचा संभव आहे. राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील सुधाकराच्या अधःपातावर शंभर वर्षे अश्रू ढाळणाऱ्या मराठी रसिकाने त्या शोकांतिकेतून पहिल्या प्याल्याविषयीचा धडा घेतला, हे योग्यच झाले. शेवटच्या प्याल्यानंतर काय होते, याचा धडा मात्र रंगभूमीने दिला नाही आणि शाळेनेही दिला नाही.

आता दवाखान्यात काय घडते ते पाहू. अपघातात पाय मोडलेला माणूस शस्त्रक्रियेसाठी दाखल होतो. त्याच्या पिण्याविषयी कोणी विचारत नाही, विचारलेच तर बायको डॉक्टरांसमोर संकोचाने 'कधीमधी घेतात' असे सांगते, आणि तिसऱ्या रात्री तो सलाईनची नळी उपसून आरडाओरडा करू लागतो. मग त्याचे हात खाटेला बांधले जातात, रात्रपाळीचे कर्मचारी वैतागतात, आणि घरची मंडळी ही बाहेरची बाधा समजून देवऋषी गाठण्याचा विचार करू लागतात. हीच हकीकत पोलीस कोठडीत घडते, तेव्हा तर तिच्याकडे सोंग म्हणूनच पाहिले जाते. वास्तविक दाखल होताना 'रोज किती घेता, शेवटची केव्हा घेतली, पूर्वी बंद केल्यावर आकडी आली होती का' हे तीन प्रश्न दोषारोपाचा सूर न लावता विचारले गेले, तर यांतील बहुतेक अनर्थ टळतात. या तीन प्रश्नांना पैसाही लागत नाही.

उपचाराचे स्वरूपही अद्भुत किंवा खर्चिक नाही. १९६० मध्ये बाजारात आलेले क्लोरडायझेपॉक्साइड आणि त्याच कुळातील डायझेपाम, लोराझेपाम ही औषधे मेंदूतील आवर घालणाऱ्या पक्षाला तात्पुरता आधार देतात. तो आधार पहिल्या दिवशी भरपूर द्यायचा आणि पाच-सात दिवसांत पायरीपायरीने काढून घ्यायचा, अशी ही रीत आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत पाचशेहून अधिक रोग्यांवर झालेल्या आणि १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक परीक्षेत क्लोरडायझेपॉक्साइडने आकडी आणि कंपोन्माद यांना सर्वांत चांगला प्रतिबंध केला, आणि वेड्याला शांत करण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्लोरप्रोमाझिनने आकड्या उलट वाढल्या, असे दिसून आले. यकृत बिघडलेल्या किंवा वृद्ध रोग्यास लोराझेपाम अधिक सुरक्षित ठरते. कंप, घाम, अस्वस्थता इत्यादी दहा लक्षणांना गुण देऊन औषधाची मात्रा ठरवण्याची पद्धतही १९८९ पासून उपलब्ध आहे, आणि प्रशिक्षित परिचारिका ती सहज हाताळू शकते. मात्र हीच औषधे बेताने व मुदतीने दिली नाहीत, तर स्वतःच सवय लावतात, आणि मद्यासोबत घेतली तर श्वास मंद करतात. म्हणून ती औषधविक्रेत्याकडून परस्पर आणण्याची वस्तू नव्हे.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आणि त्याहून उपेक्षित आहे. अट्टल मद्यपी जेवत नाही, आणि जे खातो त्यातील ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, त्याच्या आतड्यांतून नीट शोषले जात नाही. या जीवनसत्त्वाचा शरीरातील साठा मुळात काही आठवड्यांचाच असतो. ते संपले की डोळ्यांची हालचाल बिघडते, पावले अडखळतात, मन गोंधळते; कार्ल व्हेर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णिलेला हा मेंदूविकार वेळीच ओळखला नाही, तर माणूस दगावू शकतो, आणि वाचला तरी अनेकदा त्याची स्मृती कायमची जाते. आपल्याकडे अशक्त माणसाला घेऊन आलेले नातेवाईक 'आधी एक सलाईन लावा' असा आग्रह धरतात, आणि डॉक्टर तो पुरवतात; पण थायमिनचे इंजेक्शन न देता ग्लुकोजची बाटली लावली, तर ते ग्लुकोज पचवताना थायमिनचा उरलासुरला अंश खर्ची पडतो आणि विकार उसळतो. प्रथम थायमिन आणि नंतर ग्लुकोज, हा नियम प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे.

या सर्व ज्ञानाची एक अनाहूत परीक्षा २०२० साली झाली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि मद्याची दुकाने एका दिवसात बंद पडली. म्हणजे कोट्यवधी लोकांना, त्यांच्या शरीराची तयारी असो वा नसो, शासनाच्या फर्मानाने मद्यत्याग घडला. बंगळूरच्या रुग्णालयांत या काळात गंभीर स्वरूपाचा त्रास घेऊन येणाऱ्यांची रोजची संख्या जवळजवळ दुप्पट झाल्याची नोंद तेथील निम्हान्स संस्थेच्या डॉक्टरांनी केली. केरळात आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा तेथील सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मद्य देण्याचा हुकूम काढला. डॉक्टरांनी त्यास कडाडून विरोध केला, कारण या विकारावर निश्चित औषध उपलब्ध असताना मद्यच लिहून देणे शास्त्राला धरून नाही, आणि उच्च न्यायालयाने त्या हुकुमास स्थगिती दिली. ४ मे रोजी अनेक ठिकाणी दुकाने उघडली तेव्हा लागलेल्या रांगांची आपण यथेच्छ थट्टा केली; त्या रांगेत काही हौशी होते, तसेच काही कंपाने त्रस्त झालेले रोगीही होते, हे कोणाच्या मनात आले नाही. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे दुकाने बंद असताना काही मजूर सॅनिटायझर पिऊन मरण पावले. अविचाराने मेले, असे म्हणून आपण तो विषय संपवला.

परंतु महाराष्ट्राला दुकाने बंद करण्याचा अनुभव टाळेबंदीपूर्वीही कमी नव्हता. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही आपल्या दप्तरी आहे. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. गावातील दुकान हटवण्यासाठी स्त्रियांना मतदानाने 'बाटली आडवी' करण्याचा जो अधिकार मिळाला आहे, तो या राज्यातील सामाजिक कायद्यांचे भूषण आहे, आणि त्याचा वापर करणाऱ्या माउल्यांनी आपल्या घरात जे सोसले आहे, त्याचा हिशेब कोणत्याही अबकारी खात्यापाशी नाही. म्हणून येथे बंदीचा पक्ष किंवा विपक्ष घेण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच आहे, की ज्या दिवशी दुकानाला कुलूप लागते, त्या दिवशी त्याच गावातील दहा-वीस जबर व्यसनी माणसांसाठी नजीकच्या ग्रामीण रुग्णालयात किती खाटांची तजवीज झालेली असते? बिहारने २०१६ मध्ये बंदी घातली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत व्यसनमुक्ती केंद्रे उघडण्याची निदान दृष्टी दाखवली. ती पुढे कितपत चालली यावर मतभेद असतील, पण क्रम बरोबर होता. गडचिरोलीतही 'मुक्तिपथ' या उपक्रमाने गावोगाव व्यसनमुक्तीची शिबिरे आणि तालुक्याच्या ठिकाणी उपचाराची सोय उभी करून बंदीला उपचाराची जोड देण्याचा मार्ग दाखवला आहे. इतरत्र मात्र महसूल घेताना शासन तत्पर, बंदीची घोषणा करताना ओजस्वी, आणि रोगी दारात आला की उदासीन, असेच चित्र आहे.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सच्या तज्ज्ञांकडून करवून घेतलेली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली देशव्यापी पाहणी या उदासीनतेचे मोजमाप देते. मद्याशिवाय राहू न शकणाऱ्या अडतीस माणसांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा एकशे ऐंशींत एक असतो, असे ती सांगते. येथे कोणी म्हणेल, की करदात्याचा पैसा दारुड्यांच्या खाटांवर का उधळावा, प्रामाणिक रोग्यांना खाटा मिळत नाहीत तिथे? हा आक्षेप वरवर न्यायाचा वाटतो. परंतु ज्या पेयावरील करातून राज्याच्या तिजोरीत दरवर्षी प्रचंड रक्कम जमा होते, त्याच पेयाच्या रोग्याला खाट नाकारण्यात कोणता न्याय आहे? आणि पाच दिवसांच्या उपचाराने जो मृत्यू टळतो, त्याने विधवेचे आणि अनाथ पोरांचे जे ओझे समाजावरून उतरते, तेही या हिशेबात धरले पाहिजे.

शासनाने मोकळी सोडलेली जागा रिकामी राहत नाही. 'रोग्याला न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर रंगतात, आणि काही ठिकाणी आमटी-भाजीत गुपचूप कालवायला दिलेल्या पुडीत डायसल्फिराम असते. हे औषध मद्य तुटल्याचा त्रास तिळमात्र कमी करीत नाही. ते पोटात असताना माणूस प्याला, तर तोंड लाल होणे, ओकाऱ्या आणि धाप यांपासून रक्तदाब कोसळण्यापर्यंत मजल जाते, आणि म्हणूनच ते रोग्याच्या संमतीशिवाय देणे हा सरळसरळ विषप्रयोग होय. दुसरीकडे काही खासगी केंद्रांत मारहाण, कोंडून ठेवणे आणि साखळीने बांधणे हाच उपचार समजला जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्याच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक विकारांना आपल्या कक्षेत घेतले आहे, उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे, संस्थांची नोंदणी आवश्यक केली आहे आणि साखळदंडास स्पष्ट मनाई केली आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीची. वेगळ्या रीतीनेही हे काम होऊ शकते, याचा पुरावा पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये उभ्या केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने केव्हाच दिलेला आहे. तेथे रोग्याला माणूस म्हणून वागवले जाते, आणि एवढ्यानेही अर्धे काम होते.

पहिले चार दिवस निभावले म्हणजे व्यसन सुटले, असा भ्रमही कोणी बाळगू नये. त्यानंतरची वाट महिन्यांची आणि वर्षांची असते. तिथे नालट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी औषधे, समुपदेशन, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा, घरच्यांची साथ, आणि होय, तुळशीची माळही, यांना आपापले स्थान आहे. इच्छाशक्तीचा प्रांत तिथे सुरू होतो.

म्हणून मागणी थोडक्यात अशी: प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात या उपचारासाठी दोन-तीन खाटा राखून ठेवाव्यात, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात थायमिनची इंजेक्शने आणि क्लोरडायझेपॉक्साइड नियमाने असावे, वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिका यांना या उपचाराचे प्रशिक्षण मिळावे, आणि जिथे दुकान बंद करण्याचा हुकूम निघेल, तिथे उपचाराच्या तरतुदीचा हुकूम त्याच दिवशी निघावा. आणि ज्यांच्या घरात असा माणूस आहे, त्यांना एक विनंती: तो रोज, सकाळपासून पीत असेल, सोडल्यावर त्याचे हात कापत असतील, किंवा पूर्वी कधी आकडी आली असेल, तर त्याला एकाएकी बंद करायला लावू नका आणि कोंडूनही ठेवू नका, प्रथम डॉक्टरांकडे न्या, किती पितो ते खरे सांगा, आणि सोडण्याचा दिवस त्यांच्या सल्ल्याने ठरवा. सोडल्यानंतर आकडी आली, तो असंबद्ध बोलू लागला किंवा नसलेले काही त्याला दिसू लागले, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. सल्ल्यासाठी १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा दूरध्वनी विनामूल्य आहे.